दीडशे केबीच्या बॅकवर थेट बिगडाय: सिग्नल दोनशे बेसनंतर का मरतो?

बॅकबेंचर

बॅक (बॅक्टेरियात वाढवलेला कृत्रिम क्रोमोसोम) क्लोन आहे. इन्सर्ट (आत घातलेला डीएनए) साधारण १५० केबी, म्हणजे दीड लाख बेस; वेक्टर (त्याला वाहून नेणारा डीएनए) ८ केबी. शॉर्ट रीड्सवरून जुळणी झाली, पण दोन ठिकाणी भोकं उरली. दोन्ही अंदाजे हजार-अकराशे बेसची. भोकाच्या कडेला प्रायमर (वाचनाची सुरुवात करणारा छोटा डीएनए तुकडा) बसवून थेट बॅकवरच बिगडाय ३.१ (सँगर पद्धतीचं डाय टर्मिनेटर किट) लावायचं, मध्ये पीसीआर नको, सबक्लोनिंग नको, असा बेत.

सध्याची रिअ‍ॅक्शन: २० मायक्रोलिटर, त्यात ८ मायक्रोलिटर रेडी मिक्स, २०० नॅनोग्रॅम डीएनए, ३.२ पिकोमोल प्रायमर, २५ फेऱ्या. पहिल्या भोकात पीक (बेसगणिक येणारे रंगीत उंचवटे) इतके बुटके की बेसलाइनपासून वेगळे काढता येत नाहीत. दुसऱ्या भोकात सिग्नल कमी असला तरी वाचता येतो, पण दोनशे बेसच्या आसपास एकदम संपतो.

प्रश्न तीन. यात चुकतंय काय? डाय टर्मिनेटर (साखळी थांबवणारे रंगीत बेस) मुळात किती लांब रेणूवर थेट चालतात? आणि रेणू एवढा लांब हातात असताना एका दमात तो सगळा का वाचता येत नाही?

पिपेटराव

ही प्लाझमिडची (छोट्या वर्तुळाकार डीएनएची) कृती आहे, बॅकची नाही. नॅनोग्रॅम विसरा, मोल मोजा.

दुपदरी डीएनएच्या एका बेस-जोडीचं वजन सरासरी ६५० धरा. ३ केबी प्लाझमिडचे २०० नॅनोग्रॅम म्हणजे जवळपास १०० फेमटोमोल. १५८ केबी बॅकचा अख्खा १ मायक्रोग्रॅम म्हणजे जेमतेम १० फेमटोमोल. तुम्ही घातलेत २०० नॅनोग्रॅम, म्हणजे २ फेमटोमोल. प्लाझमिडचा पन्नासावा हिस्सा. त्यावर २५ फेऱ्या. पीक दिसले हेच नवल.

आणि हे पीसीआर नव्हे. प्रायमर एकच, त्यामुळे दुप्पट-चौपट होत नाही. दर फेरीला प्रत्येक टेम्प्लेटमागे (वाचायच्या डीएनए रेणूमागे) फार तर एक नवा धागा. १० फेमटोमोल गुणिले ५० फेऱ्या म्हणजे कमाल ५०० फेमटोमोल माल, आणि तो सातशे-हजार वेगवेगळ्या लांब्यांत वाटला जाणार. एका पीकच्या वाट्याला अर्धा फेमटोमोल. इतकं तुटपुंजं गणित आहे.

फेनिल

२०२० नंतरही लोक सँगर करतात? मला वाटलं होतं की ती यंत्रं आता कपडे वाळत घालायला वापरतात.

(बसतो कोपऱ्यात, चालू द्या.)

कोल्डरूम

पिपेटरावांना अनुमोदन. लांब टेम्प्लेटसाठी जी कृती वर्षानुवर्षं चालत आली आहे ती अशी:

४० मायक्रोलिटरची रिअ‍ॅक्शन. रेडी मिक्स १६ मायक्रोलिटर. पाचपट बफर घालून मिक्स वाचवण्याची सवय इथे सोडा, ती प्लाझमिडपुरती ठीक. बॅक असेल तर डीएनए अर्धा ते १ मायक्रोग्रॅम, बॅक्टेरियाचा अख्खा जीनोम असेल तर २ ते ३ मायक्रोग्रॅम. प्रायमर ५ ते १० पिकोमोल. उरलेलं पाणी.

आधी ९५ अंशाला ५ मिनिटं. मग ९५ ला ३० सेकंद, ५० ते ५५ ला १० सेकंद, ६० ला ४ मिनिटं. बॅकला किमान ५० फेऱ्या.

डीएनए पाण्यात किंवा १० मिलिमोलर ट्रिसमध्ये घ्या, टीईमध्ये नको. टीईतलं ईडीटीए मॅग्नेशियम बांधून ठेवतं. प्लाझमिडचा अर्धा मायक्रोलिटर घालताना ते खपून जातं. बॅकचं द्रावण पातळ असतं, १०-१५ मायक्रोलिटर ओतावं लागतं, तेव्हा खपत नाही.

सावळागोंधळ

९९ फेऱ्या का नाही? रात्री लावायचं, सकाळी यायचं.

कोल्डरूम

@सावळागोंधळ, लावा की, पण दुप्पट सिग्नलची आशा नको. ९५ अंशाला टॅकचं (मिक्समधल्या पॉलिमरेझ एन्झाइमचं) अर्धायुष्य ४० मिनिटांच्या आसपास असतं. ९९ फेऱ्या गुणिले ३० सेकंद, वर सुरुवातीची ५ मिनिटं, म्हणजे चोपन्न-पंचावन्न मिनिटं तो ९५ ला उकळतो. शेवटच्या फेऱ्यांत निम्म्याहून कमी एन्झाइम जिवंत. बॅकला ५० ते ६० फेऱ्यांवर थांबून तोच वेळ डीएनए नीट मोजण्यात घालवला तर जास्त मिळतं.

एकपेशीय

फेऱ्यांच्या मुद्द्यावर किंचित असहमत. बॅकला ५० पुरतात, पण बॅक्टेरियाच्या ४.६ एमबी (४६ लाख बेस) जीनोमवर ३ मायक्रोग्रॅम घातले तरी हाती फक्त १ फेमटोमोल. तिथे ७०-८० फेऱ्यांचा फरक डोळ्यांना दिसतो, एन्झाइम थकलं तरी. प्रत्येक जास्तीची फेरी काहीतरी देतेच, फक्त कमी कमी देत जाते.

धागाकर्त्याला दोन प्रश्न. डीएनए मोजला कशावर? आणि प्रायमर बॅकमध्ये एकाच जागी बसतो हे तपासलंय का?

पहिल्याचं कारण: बॅक पेशीत एक-दोनच प्रती. अल्कलाइन लायसिसनंतर आरएनए आणि तुटका ई. कोलायचा क्रोमोसोम सोबत येतोच. नॅनोड्रॉप (किती प्रकाश शोषला त्यावरून मोजणारं यंत्र) आरएनएसकट सगळं मोजून मोकळा. तुमच्या २०० नॅनोग्रॅममध्ये बॅक ५० नॅनोग्रॅमसुद्धा असेल याची खात्री नाही. फक्त दुपदरी डीएनएला चिकटणाऱ्या डायवर, म्हणजे क्युबिटवर मोजा. क्युबिटला मात्र क्रोमोसोम आणि बॅक यांतला फरक कळत नाही. त्यासाठी एटीपी लागणारा, फक्त रेषीय डीएनए खाणारा एक्झोन्यूक्लिएझ मिळतो. तो तुटका क्रोमोसोम फस्त करतो आणि वर्तुळाकार बॅकला हात लावत नाही, अगदी निक (एका पदराला चीर) पडलेल्या वर्तुळालाही नाही. ३७ अंशाला चालवा, मग ७० अंशाला ३० मिनिटं देऊन मारा.

दुसऱ्याचं: रिपीटमध्ये (पुन्हा पुन्हा येणाऱ्या क्रमात) पडलेला प्रायमर दोन जागी बसला की पहिल्या बेसपासून दुहेरी पीक. भोकं बहुतेक रिपीटच्या शेजारीच उरतात, त्यामुळे हा धोका नेहमीपेक्षा जास्त. प्रायमर २० ते २५ बेसचा, आणि भोकाच्या कडेपासून ६० ते १०० बेस मागे. सुरुवातीचे तीस-चाळीस बेस वाचता येत नाहीत, ते भोकात वाया जाऊ देऊ नका.

सुईदोरा

लांब डीएनए म्हटलं की लगेच रुंद तोंडाच्या टिपा, व्हॉर्टेक्स नको, बर्फात हळूच, असे सल्ले सुरू होतात. ते कोणी देण्याआधीच सांगते: थेट सँगरसाठी त्यांची गरज नाही. प्रायमरपासून पुढे हजार बेस अखंड असले की झालं. बाकीचे १४९ केबी जोडलेले आहेत की तुटलेले, पॉलिमरेझला काय फरक पडतो?

उलट बंद सुपरकॉइल्ड वर्तुळ ९५ ला उघडलं तरी दोन्ही पदर एकमेकांत अडकलेले राहतात आणि थंड होताच पुन्हा मिटतात. सुरुवातीची ५ मिनिटं त्यासाठीच आहेत, उष्णतेने काही ठिकाणी साखळी तुटते. बॅक बारीक सुईतून पाच-सहा वेळा ओढून घातला तर पहिल्या फेऱ्या जास्त नीट लागतात. सुया वाया घालवा, टिपा वाचवा.

पिपेटराव

सुईदोरा, हे मान्य, पण क्रम पाळा. एक्झोन्यूक्लिएझ आधी, सुई नंतर. उलटं केलंत तर तुमचा बॅक रेषीय होऊन खाल्ला जाईल.

सुईदोरा

:-D बरोबर. आणि मध्ये एन्झाइम मारायला विसरू नका.

तळटीप

दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे लांबीच्या मर्यादेवर.

डाय टर्मिनेटर अमुक लांबीनंतर चालत नाहीत अशी रसायनाची मर्यादा नाही. १९९८ साली 'जीनोम रिसर्च'मध्ये बिगडाय वापरून मेगाबेस लांबीच्या टेम्प्लेटवर, म्हणजे बॅक्टेरियाच्या अख्ख्या जीनोमवर थेट रिअ‍ॅक्शन लावल्याचं प्रसिद्ध झालं. कोल्डरूमची कृती त्याच घराण्यातली.

त्याआधी हे का जमत नव्हतं हे बघण्यासारखं आहे. सँगरची डायडीऑक्सी पद्धत १९७७ ची. १९८६ मध्ये लेरॉय हूड यांच्या प्रयोगशाळेने चार रंगांचे डाय प्रायमरला लावले, १९८७ मध्ये ड्युपाँटच्या गटाने डाय टर्मिनेटरवरच लावला. दोन अडचणी उरल्या. पहिली: साधा टॅक डायडीऑक्सी न्यूक्लिओटाइड नाखुशीने घेतो, त्यामुळे टर्मिनेटर भरमसाठ ओतावे लागत आणि पीकची उंची कुठे ताड कुठे माड. टेबर आणि रिचर्डसन यांनी १९९५ मध्ये दाखवलं की टॅकमधलं ६६७ क्रमांकाचं फेनिलअ‍ॅलनिन बदलून टायरोसिन केलं की हा भेदभाव जवळजवळ नाहीसा होतो. दुसरी: चार डाय, पण लेसर एक. त्या लेसरने चारही डाय सारखे उजळत नाहीत. बिगडायमध्ये दोन डाय जोडून ठेवलेत. फ्लुओरेसिन जातीचा एक प्रकाश शोषतो आणि ऊर्जा शेजारच्या डायक्लोरोरोडामिनला देतो, दिसतो तो दुसऱ्याचा रंग. एका पीकमागे अर्धा फेमटोमोल माल असताना हा उजेड कामाला येतो.

चंपाकळी

माहितीपूर्ण प्रतिसाद. वाचनखूण साठवली आहे.

एक बाळबोध शंका: छापील क्रोमॅटोग्राममध्ये जी काळा का असतो? काळा रंग फ्लुओरेस कसा करेल?

फेनिल

पडद्यावरचे रंग ठरवून दिलेले असतात, आणि जी ला पूर्वी पिवळा होता. पांढऱ्या कागदावर पिवळा दिसेना म्हणून काळा केला. विज्ञानातले बरेचसे निर्णय प्रिंटर घेतो.

चौथीखिडकी

रिअ‍ॅक्शनवर सगळे बोलले, सफाईवर कोणीच नाही. लांब टेम्प्लेटची अर्धी रडारड तिथेच असते.

उरलेले डाय टर्मिनेटर काढले नाहीत तर सत्तर-ऐंशी बेसच्या आसपास रुंद गोळे येतात आणि खालचे खरे पीक झाकतात. प्लाझमिडच्या उंच पीकमध्ये गोळा लपतो. बॅकच्या बुटक्या पीकमध्ये गोळाच राजा.

इथेनॉल-ईडीटीए असं: २० मायक्रोलिटर रिअ‍ॅक्शनला १२५ मिलिमोलर ईडीटीए ५ मायक्रोलिटर, शुद्ध इथेनॉल ६० मायक्रोलिटर. उलटसुलट करा, १५ मिनिटं खोलीच्या तापमानाला. २००० ते ३००० जी वर ३० ते ४५ मिनिटं. प्लेट उलटी टिशूवर ठेवून १८५ जी पर्यंत एक झटका, त्याशिवाय द्रव निघत नाही. मग ७० टक्के इथेनॉल ६० मायक्रोलिटर, ४ अंशाला १६५० जी वर १५ मिनिटं, पुन्हा उलटी. सुकवा, पण उजेडात उघडी ठेवू नका. ४० ची रिअ‍ॅक्शन असेल तर सगळं दुप्पट. १७० मायक्रोलिटर ०.२ मिलिच्या नळीत जेमतेम मावतं, म्हणून आधीच दोन नळ्यांत वाटा आणि शेवटी एकाच हाय-डाय फॉर्मामाइडमध्ये विरघळवा.

इथेनॉल मोजून घाला. वरच्या प्रमाणात शेवटी सत्तर टक्क्यांच्या जवळ येतं. कमी पडलं तर छोटे तुकडे निसटतात आणि सुरुवात गायब. जास्त झालं तर टर्मिनेटरही खाली बसतात आणि गोळे परत. बाटली आठवडाभर सैल झाकणाने ठेवली असेल तर ते शंभर टक्के राहिलेलं नसतं.

आता खरी मेख. केशनलिकेत नमुना विजेने ओढला जातो, पंपाने नाही. ऋणभार असलेलं सगळं रांगेत येतं: तुमचे तुकडे, मिठाचा क्लोराइड, आणि तो १५० केबीचा टेम्प्लेटही. इथेनॉलमध्ये टेम्प्लेट खालीच बसतो, जेल फिल्ट्रेशनच्या कॉलममधून तो सगळ्यात आधी बाहेर पडतो. म्हणजे दोन्ही सफाया त्याला काढत नाहीत. नलिकेच्या तोंडाशी लांब डीएनए अडकला की करंट डगमगतो, पीक रुंदावतात, चारशेनंतर सगळं चिखल. म्हणून सिग्नल कमी आला की डीएनए ३-४ मायक्रोग्रॅम करायचा हा उपाय बॅकला लागू नाही. एकाच्या वर जाऊ नका, फेऱ्या वाढवा.

सावळागोंधळ

मग इंजेक्शनचा वेळ दुप्पट केला तर?

चौथीखिडकी

१५ सेकंदांचे ३० केलेत तर सिग्नल वाढतो, पण सुरुवातीचा पट्टा रुंद होतो आणि शेवटचे शंभर-दोनशे बेस आधीच मिसळतात. भोक छोटं असेल तर परवडतं. इथे नाही.

अजून एक बघा: यंत्रावर ३.१ साठी डाय सेट झेड निवडलाय ना? ई हा १.१ चा. चुकीच्या सेटवर रंग एकमेकांत झिरपतात आणि बेसकॉलर भलतंच बोलतो. प्रत्येक डाय तुकड्याची चाल थोडी बदलतो, तो फरक मोबिलिटी फाइल सुधारते. ती चुकली तर पीक एकमेकांवर चढतात आणि दोष रिअ‍ॅक्शनला जातो.

केशनलिका

तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, मी लावतो. आयडीची लाज राखायला हवी.

एका दमात १५८ केबी का नाही याची दोन कारणं, आणि त्यांचा टेम्प्लेटच्या लांबीशी संबंध नाही.

एक, टर्मिनेशनची शक्यता. समजा प्रत्येक बेसला थांबायची शक्यता ५०० त १. मग हजार बेसपर्यंत पोचणारे धागे साडेतेरा टक्के. दोन हजारपर्यंत दोन टक्क्यांहून कमी. डायडीऑक्सीचं प्रमाण कमी करून शेपूट लांबवता येते, पण तितकाच माल जास्त लांब्यांत वाटला जातो आणि प्रत्येक पीक बुटकं होतं. तुमच्याकडे वाटायला मुळात काय आहे ते वर पिपेटरावांनी दाखवलंच.

दोन, वेगळं करणं. ५०० आणि ५०१ बेसच्या तुकड्यांच्या चालीत फरक असतो, तो पीकच्या रुंदीपेक्षा मोठा असला तरच दोन पीक दिसतात. पॉलिमरच्या जाळ्यातून लांब तुकडा बिळातल्या सापासारखा सरकतो. लांबी वाढली की तो विजेच्या दिशेने ताणला जातो, आणि ताणलेल्या तुकड्याचा वेग लांबीवर अवलंबून राहत नाहीसा होतो. मग हजार काय, अकराशे काय, सगळे एकाच वेळी खिडकीसमोर. व्होल्टेज कमी करून आणि ५० सेंटिमीटरची नलिका घेऊन ही भिंत थोडी मागे ढकलता येते. चांगला रन ८५० ते १००० विश्वासार्ह बेस देतो, त्यापुढे फ्रेडचा आकडा २० च्या खाली घसरायला लागतो. २० म्हणजे शंभरात एक चूक.

म्हणून लांब रेणू वाचायचा म्हणजे तुकड्यांनी. प्रायमर वॉकिंगने १५० केबी करायचे तर प्रत्येक पावलाला ६५० धरून एका पदराचीच २३० पावलं, आणि पुढचा प्रायमर आधीचा रीड आल्यावरच मागवता येतो. शॉटगन केलं तर ७०० बेसचे १७०० च्या आसपास रीड टाकले की आठपट आच्छादन. हिशेबाने न शिवलेले बेस पन्नासच राहायला हवेत. प्रत्यक्षात जास्त राहतात, कारण काही तुकडे ई. कोलायला पचत नाहीत.

फेनिल

हे सगळं वाचून पॅकबायोच्या हायफायची (लांब आणि अचूक रीड देणाऱ्या पद्धतीची) आठवण आली आणि डोळे पाणावले. तुकडे १५ ते २० केबीचे, दोन्ही टोकांना हेअरपिन, पॉलिमरेझ गोल गोल फिरतोय, तोच तुकडा दहा वेळा वाचतोय, चूक हजारात एकपेक्षा कमी. तोही फ्लुओरेसंट डायवरच चालतो हां, धाग्याच्या विषयात बसतो. भोकं मुळात पडलीच नसती.

तळटीप

फेनिल पहिल्यांदाच कामाचं बोलला. :-) त्याच्या मुद्द्याला जोडून: डाय सगळेच वापरतात, पण तो रेणूवर कुठे टांगलाय त्यावर वाचनाची लांबी ठरते. या धाग्यात मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं.

बिगडायमध्ये तो बेसवर आहे, आणि साखळी तिथेच संपते. एक धागा, एक डाय. त्यामुळे वाचायला लांबीनुसार रांग लावावीच लागते.

इल्युमिनामध्येही (शॉर्ट रीड्सच्या पद्धतीत) बेसवर, पण तोडता येणाऱ्या दुव्याने, आणि ३ प्राइमला काढता येणारं झाकण. दर फेरीला तोडल्यावर बेसवर दुव्याचा छोटा अवशेष उरतो. त्याहून वाईट, एकाच तुकड्याच्या प्रतींच्या घोळक्यातले काही धागे एक पाऊल मागे किंवा पुढे पडतात आणि काहीशे बेसनंतर सगळा घोळका विस्कळीत होतो.

पॅकबायोने डाय फॉस्फेटच्या शेपटीला बांधला. पॉलिमरेझ बेस जोडताना शेपूट तशीही तोडतोच, डाय तिच्यासोबत निघून जातो. मागे राहतो तो साधा, निर्व्रण डीएनए. २००९ मध्ये 'सायन्स'मध्ये हे प्रत्यक्ष धावताना दाखवलं. फाय २९ पॉलिमरेझ एकदा पकडला की दहा-दहा हजार बेस सोडत नाही, त्यामुळे रीड केबीत मोजता येतो.

याआधीची एक धाडसी कल्पना लॉस अलामॉसच्या केलर आणि जेट यांच्या गटाची, १९८९ ची. एक लांब रेणू घ्यायचा, त्याच्या प्रत्येक बेसवर त्याचा त्याचा डाय लावायचा, रेणू प्रवाहात टांगायचा, एक्झोन्यूक्लिएझने टोकापासून एकेक बेस सोडवायचा आणि लेसरखालून जाताना रंग ओळखायचा. एकेका डाय-रेणूचा प्रकाश ओळखणं त्यांना जमलं. अडलं ते पहिल्याच पायरीवर: शेजारी-शेजारी प्रत्येक बेसवर अवजड डाय असलेली साखळी पॉलिमरेझ विणायला तयार होत नाही.

सुईदोरा

आणि इथे मात्र माझ्या सुया कपाटात. फाय २९ ला टेम्प्लेटमध्ये निक आला की रीड संपला, म्हणून डॅमेज रिपेअर टाळता येत नाही. हेअरपिन न लागलेले तुकडे न्यूक्लिएझने खाऊन टाका. छोटे तुकडे विहिरीत आधी शिरतात, त्यामुळे ५ केबीखालचे काढले नाहीत तर लांब रीड्सचं स्वप्न बाराच्या भावात. जिलेटिनसारखा घट्ट डीएनए एकाच जागेवरून मोजू नका. वर, मध्ये, तळाशी असे तीन नमुने क्युबिटवर घ्या. आकडे दुपटीने वेगळे आले तर तो विरघळलेला नाही, रात्रभर खोलीच्या तापमानाला ठेवा.

केशनलिका

भर: विहीर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पापुद्र्यातलं शंभरेक नॅनोमीटरचं भोक. उजेड तळाच्या २० झेप्टोलिटरमध्येच पोचतो, म्हणून भोवती मायक्रोमोलर डाय तरंगत असतानाही तळाशी थांबलेला एकच दिसतो. विहिरींत रेणू योगायोगाने पडत असतील तर नेमका एकच असलेल्या विहिरी पॉयसॉनच्या हिशेबाने जास्तीत जास्त ३७ टक्के. आणि लेसरमुळे उत्तेजित डाय ऑक्सिजनशी मिळून पॉलिमरेझलाच जायबंदी करतो, त्यामुळे बफरमध्ये ऑक्सिजन शोषणारं एन्झाइम लागतं.

चंपाकळी

अवांतर: अख्खा लांब रेणू न तोडता डायने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ना? तेही सिक्वेन्सिंगच का?

एकपेशीय

नाही, तो नकाशा. योयो-१ ने अख्खा डीएनए रंगवतात, वर सीटीटीएएजी अशा खुणेच्या जागी वेगळ्या रंगाचा ठिपका, आणि नॅनोवाहिनीत ताणून ठिपक्यांमधलं अंतर मोजतात. एका बेस-जोडीला ०.३४ नॅनोमीटर धरले तर १५० केबी पूर्ण ताणल्यावर ५१ मायक्रोमीटर. बेस कळत नाहीत, पण भोक खरंच हजार बेसचं आहे की दहा हजारांचं, हे कळतं. योयोवर उजेड पडला की डीएनए तुटतो, म्हणून डीटीटीसारखा क्षपणकारक घालतात.

बॅकबेंचर

सर्वांचे आभार. धागा पॅकबायोला जाऊन आला, आता परत भोकांकडे. :-)

कोल्डरूमच्या कृतीने पुन्हा लावलं: एक्झोन्यूक्लिएझनंतर क्युबिटवर मोजलेला १ मायक्रोग्रॅम, ४० मायक्रोलिटर, ५५ फेऱ्या. पहिल्या भोकात दोन्ही बाजूंनी सातशेच्या आसपास स्वच्छ बेस, मध्ये एकमेकांवर येतात, भोक बंद. दुसऱ्यात सिग्नल भरपूर वाढला, पण तिथेच थांबतो. उलट्या बाजूच्या प्रायमरचा रीडही साडेसातशेच्या पुढे तसाच कोसळतो. दोन्ही रीड्सच्या मध्ये थोडीच जागा उरते. थांबण्याआधी जी आणि सी ची गर्दी आहे.

पिपेटराव

थांबताना पीक दुहेरी होतात की स्वच्छ असताना एकदम बुटके?

बॅकबेंचर

स्वच्छ, आणि एकदम बुटके. कच्च्या डेटातही तिथेच पायरी दिसते.

पिपेटराव

मग हेअरपिन. एकाच बेसची लांब रांग असती तर पॉलिमरेझ घसरला असता आणि पुढचे पीक एकमेकांत मिसळले असते, उंची टिकून. माल संपत आला असता तर उंची हळूहळू उतरली असती. दोन्ही बाजूंनी एकाच गाठीच्या दोन कडांवर कडेलोट, म्हणजे पदर स्वतःवरच दुमडलाय.

यात रसायनाचाही वाटा आहे. बिगडायच्या मिक्समध्ये डीजीटीपीच्या (जी बेसच्या कच्च्या मालाच्या) जागी डीआयटीपी (त्याचा इनोसिनवाला पर्याय) असतो. इनोसिन सी शी सैल जोडी करतो, त्यामुळे केशनलिकेत तुकडे दुमडत नाहीत आणि जी-सी च्या गर्दीतले पीक दाटत नाहीत. पण तोच डीआयटीपी गाठीतून जाताना पॉलिमरेझला अडवतो. उपाय: डीजीटीपी असलेलं बिगडाय वेगळं मिळतं. नेहमीचं तीन भाग, ते एक भाग. सोबत बीटेन शेवटी १ मोलर होईल इतकं, किंवा डीएमएसओ ५ टक्के. आधी दोन्ही एकत्र नको, एकेक करून बघा.

चौथीखिडकी

त्यात जी चे पीक दाटतील, दोनाचे एक दिसतील. म्हणून तो भाग दोन्ही पदरांवरून वाचल्याशिवाय मान्य करू नका. दाटण्याची जागा दोन पदरांत सहसा वेगळी येते.

एकपेशीय

त्यानेही नाही झालं तर तेवढा भाग प्लाझमिडमध्ये घेऊन अल्ट्रासाउंडने शंभर-दोनशे बेसचे तुकडे करा आणि ते क्लोन करून वाचा. गाठीचा एक पाय एका क्लोनमध्ये, दुसरा दुसऱ्यात. दुमडायला जोडीदारच नाही.

फेनिल

किंवा कुणाच्या तरी हायफाय रनमध्ये बारकोड लावून हा बॅक सरकवा. १६० केबी पन्नासपट म्हणजे फक्त ८० लाख बेस, सेलच्या अब्जावधींमध्ये कोणाला कळणारही नाही. फाय २९ पदर ढकलत जातो, अशा गाठींना फारसं जुमानत नाही.

बॅकबेंचर

आधी तीनास एक मिक्स आणि बीटेन लावतो. ४० मायक्रोलिटरमध्ये ५ मोलर बीटेन ८ मायक्रोलिटर, मिक्स १६, प्रायमर २, मग डीएनएला १४ उरतात. १ मायक्रोग्रॅम त्यात बसवायचा तर ७० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटरच्या वर हवा. माझा ४५ आहे.

कोल्डरूम

व्हॅक्यूमवर आटवू नका, मीठही आटतं. इथेनॉलने बसवा, ७० टक्क्यांनी दोनदा धुवा, १० मिलिमोलर ट्रिसमध्ये घ्या आणि पुन्हा क्युबिट. किंवा ४५ वरच १४ मायक्रोलिटर म्हणजे ६३० नॅनोग्रॅम जातात, अर्धा ते एकच्या मध्येच आहे. तसंच लावा, फेऱ्या ६० करा.